फळीवरचे बारा

खाडीच्या उतरणीवर जी फळी रोवलेली आहे, तिच्या डांबराच्या एका भेगेत चुन्याचा एक कण अडकला आहे. लांबी साधारण दोन मिलिमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. चुना ओला असतो तोवर पाण्याबरोबर सहज निघून जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो दगडासारखा होतो, पण त्याला काही दिवस लागतात. सकाळी लिहिलेलं दुपारच्या पाण्यात टिकत नाही. हा कण भेगेत होता म्हणून राहिला. गेल्या तीन महिन्यांत उधाणाचं पाणी सहा वेळा फळीच्या वरपर्यंत चढलं आणि उतरलं.

त्या कणावरून त्या दिवशी फळीवर काय लिहिलं होतं हे कुणालाही सांगता येणार नाही. मला सांगता येतं. तिथे 'बारा' लिहिलं होतं.

आमचं गाव मानकोली नाक्यापासून आत, खाडीच्या अंगाला आहे. नाक्याकडून येताना दोन्ही बाजूंना गोदामांचे निळे पत्रे लागतात, ते संपले की आमची घरं, आणि घरांच्या मागे गाळ. शेतं गोदामांना गेली. पुरुष ड्युटीला जातात, काही जण भाडं घेतात. बायका मात्र अजून ओहोटीला गाळात उतरतात, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायला. हातात लोखंडी आकडी, कमरेला पिशवी. बिळात आकडी घालायची आणि चिंबोरीनं ती धरली की अलगद ओढायची. पोटासाठी जाणाऱ्या आता थोड्याच. बाकीच्या आवडीनं जातात.

यातली अडचण एकच. ज्या उंचवट्यावर बिळं आहेत तो काठापासून दूर आहे आणि मध्ये एक पाट आहे. ओहोटीला तो घोट्याएवढा असतो. भरती सुरू झाली की पाणी आधी त्या पाटात भरतं. उंचवट्यावर उभ्या बाईचे पाय कोरडे असतात आणि तिच्या मागचा रस्ता बंद झालेला असतो.

म्हणून ती फळी. तुळशीराम बाबा रोज सकाळी चुन्यात बोट बुडवून तिच्यावर एकच आकडा लिहायचे: गाळातून निघायची वेळ. ओहोटी कधी, भरती कधी, हे लिहीत नसत. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. सगळं गाव त्यांना बाबाच म्हणतं. हिशेब ते बोटांच्या पेरांवर करायचे. तिथीची पाऊणपट घेतली की समुद्राची भरती येते. त्यात आपल्या खाडीचे दोन तास मिळवायचे. त्यातून साडेतीन तास वजा केले की निघायची वेळ. द्वितीयेला समुद्रात दीड वाजता, आपल्याकडे साडेतीनला, म्हणून बारा वाजता बाहेर. मी एम.एस्सी. झाल्यावर हा हिशेब तपासून पाहिला होता. बरोबर होता. साडेतीनच का, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "माज्या बापानं सांगलं म्हनून."

मी धामणकर नाक्यावरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. आठ वर्षं झाली. दुसऱ्याच्या पाटीखाली, दुसऱ्याच्या नोट्स. स्वतःच्या नावाचं काही करावं असं बरेच दिवस मनात होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते सुचलं. खाडीच्या वेळांचं वर्षाचं कॅलेंडर. बारा पानांची पीडीएफ, फोनवर विकायची. छपाई नाही, दुकान नाही. समुद्राच्या वेळा कुठेही मिळतात, पण आमच्या खाडीच्या कुणी मोजलेल्याच नव्हत्या.

मी उतरणीजवळ एक बांबू रोवला. पाच-पाच सेंटिमीटरवर खुणा केल्या. पंधरा दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, दर अर्ध्या तासाला वहीत नोंद. बाबांची सून मैना रोज येता-जाता थांबायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण गावात मला "गं" म्हणून हाक मारणारी ती एकटीच होती.

"काय मोजतंस गं? पानी का कपडा हाय, मीटरवर घ्यायला?"

मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं, मग बांबूला पाठ लावून उभी राहिली. "मग मला पन मोज. लग्नात कोनी मोजलं न्हाय, नुसतं बघून पसंत केलं."

एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर भरली. उधाणाचं पाणी ओहोटीच्या रेषेपासून दोनशे साठपर्यंत चढतं, असं मी तिला सांगितलं.

"म्हंजे मी निम्म्यात," ती म्हणाली आणि आकडी खांद्यावर टाकून गेली.

वहीतल्या नोंदी चमत्कारिक होत्या. पाणी उतरायला सात तास चाळीस मिनिटं घेत होतं आणि चढायला फक्त पावणेपाच तास. मला वाटलं बांबू कलला. ओळंबा लावून पाहिला, सरळ होता. तरी शंका राहिली. पुस्तकातली लाट दोन्ही बाजूंना सारखी असते. माझी लाट एका बाजूला पडलेली होती, आणि रात्रीच्या नोंदी माझ्याकडे नव्हत्या.

पुढचं काम मी फोनवरच्या एआयच्या मदतीनं केलं. त्याच्याशी मराठीत बोलता येतं. नोंदी टाकल्या आणि विचारलं, वर्षभराच्या वेळा काढून देशील का. त्यानं जे उत्तर दिलं ते मी नंतर इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं. 'काढता येतील. रात्रीच्या नोंदी नाहीत आणि चढ-उताराचे कालावधी असमान दिसतात. नियमित लाटेचा वक्र बसवला तर तक्ता सुटसुटीत होईल. मात्र तुमच्या जागेची काही वैशिष्ट्यं त्यात हरवू शकतात. तसा बसवू का?'

मी 'हो' लिहिलं.

ओहोटीची वेळ माझ्या नोंदींतून घेतली होती, ती बरोबर राहिली. चढती बाजू सव्वासहा तासांची झाली. आलेख देखणा दिसत होता. त्या आलेखावरून मी स्वतः आकडेमोड केली की ओहोटीनंतर अडीच तासांनी पाणी जेमतेम एकतृतीयांश चढलेलं असतं. तेवढा वेळ मी प्रत्येक दिवसासमोर हिरव्या पट्टीनं दाखवला. पट्टीचं नाव 'गाळात थांबायची वेळ'. बाबा ओहोटीनंतर सव्वा तासात बाहेर बोलवायचे. माझी पट्टी त्याच्या दुप्पट लांब होती. मला त्याचा अभिमान वाटला. बाबांचा हिशेब उगाच घाबरट आहे असं वाटलं.

मुखपृष्ठासाठी एआयनं चिंबोरीचं चित्र काढून दिलं. पहिली प्रत मी फक्त मैनाला पाठवली. पाच मिनिटांत तिचा फोन आला. हसण्यामुळे तिला बोलता येत नव्हतं.

"ऋतिका, ही चिंबोरी कुठली गं? हिला पाय नऊच."

मी मोजले. नऊच होते. मी तीन वेळा चित्र बदलून घेतलं. एकदा अकरा आले, एकदा नांगी उलटी आली, शेवटी दहा बरोबर झाले. त्यात अख्खी संध्याकाळ गेली. वेळांच्या पानांवर मी एकदाही परत गेले नाही.

विक्रीच्या पानावरचा मजकूरही एआयनं लिहिला: 'आता अंदाज नको. मोजलेली वेळ, तुमच्या फोनवर.' किंमत एकोणपन्नास रुपये. पैसे भरले की फाइल आपोआप जायची. पहिल्या आठवड्यात अकरा प्रती गेल्या, मग मैनानं ते काम अंगावर घेतलं. माहेरी, मावशीकडे, हळदीकुंकवात, जिथे जाईल तिथे फोन काढून दाखवायची. जानेवारीपर्यंत खाडीकाठच्या गावांत मिळून तीनशे चाळीस प्रती झाल्या होत्या. घेणारे बरेचसे रविवारी गळ टाकणारे लोक.

बाबांना ती ओळ कुणीतरी वाचून दाखवली. उतरणीवर मी दिसताच त्यांनी विचारलं, "अंदाज म्हंजे मी का गं पोरी?"

"तसं नाही बाबा."

"तसंच हाय. पन चांगलं लिवलंय." ते हसले, आणि चुन्याचं बोट फळीला पुसलं. त्यांना राग नव्हता. बायका पुढच्या आठवड्याचा बेत माझ्या कॅलेंडरवरून करायच्या आणि निघायची वेळ फळीवर बघायच्या. दोन्ही चाललं होतं. म्हणून तीन महिने काही झालं नाही.

माघ शुद्ध द्वितीयेला गावात हळद होती. सगळ्या बायका मांडवात. मैनाकडे पाहुणे यायचे होते, त्यांना चिंबोऱ्यांचं कालवण करायचं म्हणून ती एकटीच गाळात गेली. अमावस्येनंतरचं उधाण. ओहोटी पावणेअकराची. बाबांनी फळीवर आकडा लिहिला आणि तेही मांडवात गेले.

अकरा बावन्नला माझा फोन वाजला. मी वर्गात होते. खालच्या मजल्यावर कापडाचे लूम खडखडतात, म्हणून खिडकी लावून घेतली.

"ऋतिका, बाबानं फळीवर बारा टाकलंय. तुझ्या कागदात सव्वाएक हाय. आज बिलं कसली लागलीत म्हाईत हाय का, एकेकात दोन-दोन बसल्यात. कोनाचं धरू?"

"वहिनी, माझं मोजलेलं आहे. बाबा अंदाजानं लिहितात."

"मंग सव्वाएक. बाबाला सांगू नको हां, रुसंल."

एक्केचाळीस सेकंद. माझ्या फोनमध्ये ती नोंद अजून आहे.

ती दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला सापडली, पाटाच्या पलीकडच्या खारफुटीत. पिशवी कमरेला तशीच बांधलेली होती. फोन सापडला नाही. ती तो प्लॅस्टिकच्या थैलीत घालून गळ्यात अडकवायची. पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहिलं. तिच्या नवऱ्यानं, दीपेशदादानं, सही केली.

त्या रात्री मी वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. वहीतल्या नोंदींप्रमाणे, उधाणाच्या दिवशी ओहोटीनंतर अडीच तासांनी पाणी एकतृतीयांश नसतं, निम्म्याच्या वर असतं. पाटाच्या तळापासून एक मीटर चाळीस. तिची उंची मला माहीत होती. त्यात पाय गाळात वीतभर तरी रुततात. मी ते गणित तीन वेगवेगळ्या पद्धतींनी केलं. उत्तर बदललं नाही.

त्याच संध्याकाळी काळूरामच्या ओट्यावर गावानं आपलं उत्तर काढलं. काळूराम पंचांग बाळगतो, मुहूर्त सांगतो. त्यानं पान उघडून दाखवलं: त्या पक्षात प्रतिपदेचा क्षय होता. अमावस्येनंतर थेट द्वितीया. "बाबानं प्रतिपदा धरली असनार. वय झालं. एक तिथी चुकली की वेळ चुकनारच." कुणी वाद घातला नाही. फळी पाण्यानं धुऊन निघाली होती. बाबा मांडवातून धावत आले तेव्हापासून एकच विचारत होते, मी काय लिवलं व्हतं, मी काय लिवलं व्हतं, आणि त्या सकाळी मांडवात गेलेल्या कुणीही फळी पाहिली नव्हती.

मी तिथेच होते, खांबाला टेकून. तिथीचा क्षय लक्षात आला नाही तर वेळ पाऊण तास आधीची येते. बाबा चुकले असते तर त्यांनी सव्वाअकरा लिहिलं असतं. मैना लवकर बाहेर आली असती, पिशवी अर्धी घेऊन, कुरकुरत. हे सांगायला पदवी लागत नाही, पाचवीचं गणित पुरतं. ओट्यावर वीस-पंचवीस माणसं होती. मी काही बोलले नाही.

का बोलले नाही? पहिल्या दिवशी वाटलं, तेराव्यानंतर सांगू. तेराव्यानंतर वाटलं, दीपेशदादा जरा सावरू दे. मग परीक्षा आल्या. मग वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही हे आधी सांगावं लागेल. दर आठवड्याला कारण वेगळं होतं आणि वजन सारखंच.

एक गोष्ट मात्र मी लगेच केली, आणि ती न करण्यापेक्षा वाईट होती. मूळ नोंदी पुन्हा एआयला दिल्या, वक्र न बसवता वेळा काढायला सांगितल्या, पट्टी सव्वा तासाची केली. सुधारलेली फाइल चढवताना ग्राहकांसाठी दोन ओळी लिहून मागितल्या. त्यानं लिहिलं: 'आधीच्या आवृत्तीतल्या भरतीच्या वेळा आणि हिरवी पट्टी चुकीची होती. ती धोकादायक आहे. जुनी प्रत कृपया वापरू नका.' मी ते पुसलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'नवी आवृत्ती. मांडणी सुधारली आहे.' तीनशे चाळीसपैकी एकोणीस जणांनी ती उतरवून घेतली. मांडणीसाठी कोण धडपडतं. पुढच्या महिन्यात मी विक्री बंद केली.

बाबांनी चुन्याची डबी घरी नेली. दीपेशदादा त्यांच्याशी बोलेनासा झाला. जेवायला ताट वाढायचा, पण समोर बसायचा नाही. गोदामात रात्रपाळी मागून घेतली. बायकांनी गाळात जाणं जवळजवळ सोडलं. बाबा रोज सकाळी उतरणीवर येऊन उलट्या होडीवर बसायचे आणि अंगठा पेरांवरून फिरवत राहायचे. मी क्लासला जाताना ती वाट टाळू लागले. लांबच्या रस्त्यानं नाक्यावर जायला अकरा मिनिटं जास्त लागतात.

परवा संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. खारबावची करिष्मा नावाची बाई. नंबर कॅलेंडरवर होता म्हणून केला, म्हणाली.

"ताई, तुमच्या कॅलेंडरात बघून जातो आम्ही. पन हल्ली पानी लवकर येतंय. परवा माझ्या कमरेला लागलं. आमच्याकडे सगळे म्हनतात, गोदामवाल्यांनी भराव टाकलाय ना, म्हनून. तसं असतं का?"

"तुम्ही ते विकत घेतलं होतं?"

"न्हाय हो. पुतनीनं पाठवलं. तिला कुनीतरी पाठवलं. ते चिंबोरीचं चित्रवालं."

मी विचारलं, "चिंबोरीला पाय किती आहेत, बघता का?"

"पाय?" ती हसली. मग मोजल्याचा आवाज आला, एक, दोन, हळू. "नऊ. हो, नऊच. आम्ही त्याच्यावरच हसलो व्हतो सगळ्या."

नऊ पायांची प्रत मी फक्त एका माणसाला पाठवली होती. मैनानं ती कौतुकानं पुढे पाठवली असणार, हसायला, नात्यातल्या कुणाला. तिथून ती अजून फिरत होती. फाइलला तिच्या मरणाचं काही कळलेलं नव्हतं.

"करिष्माताई, ते वापरू नका. त्यात चूक आहे."

"केवढी?"

"सव्वा तास."

पलीकडे एक लहान मूल काहीतरी मागत होतं, तिनं त्याला गप्प केलं.

"तुम्हाला कदी कलली?" तिनं विचारलं.

मी फोन ठेवला. नंतर तिला परत लावला, सगळ्यांना सांगा म्हणून. तिनं उचलला, "सांगते," एवढंच म्हणाली, आणि तिचा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आज सकाळी मी जुन्या वाटेनं गेले. वैशाख शुद्ध द्वितीया, पुन्हा उधाणाचा दिवस. उतरणीवर चार-पाच माणसं होती. दीपेशदादा रात्रपाळीवरून तसाच आलेला, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र, हातात पहार. फळीच्या बुंध्याशी खणत होता. काळूराम सावलीला उभा राहून सूचना करत होता.

"डावीकडनं घे. मुळाशी दगड टाकलेत तुज्या आज्यानं."

"माहीत हाय."

"ठेवली असती तरी काय खात व्हती?"

"रोज समोर दिसते," दीपेशदादा म्हणाला. "जेवन जात न्हाय."

बाबा होडीवर बसले होते. कुणाला थांबवत नव्हते. मी फळीजवळ गेले आणि तेव्हा मला तो कण दिसला. वाकून पाहिलं. भेगेच्या खालच्या टोकाला, लिहिण्याच्या उंचीवर. मी बोट लावलं नाही.

"ऋतिका," बाबांनी हाक मारली. "हिकडं ये जरा."

मी गेले. ते इतके बारीक झाले होते की सदऱ्याच्या बाहीतून कोपर टोकदार दिसत होतं. त्यांनी डाव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली.

"तू शिकलेली हायस. मला एक सांग. मी रोज करतोय आन् रोज तेच येतंय. प्रतिपदा गेली आन् मी ती धरली, असं समज. बरं? मग प्रतिपदेची पाऊन घटका... न्हाय, पाऊन तास. त्यात खाडीचे दोन. पावनेतीन. त्यातनं साडेतीन काढले." अंगठा पेरांवरून सरकत होता. "सव्वाअकरा येतात. आन् द्वितीया धरली तर बारा. म्हंजे मी चुकलो तर वेळ अलीकडं जाते. मग पोरगी लवकर निघायला पायजे व्हती ना? का माजं डोकंच गेलंय?"

पहारीचा आवाज थांबला.

"बाबा, बस करा आता," दीपेशदादा पाठ न वळवता म्हणाला. तीन महिन्यांत मी त्याला बापाशी बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"तुला न्हाय विचारत. तिला विचारतोय. तिला गनित येतं." बाबांचे डोळे माझ्यावर होते. त्यात संशय अजिबात नव्हता. ते खरोखर उत्तर तपासून घ्यायला आले होते, जसे माझे विद्यार्थी वही पुढे करतात. "अलीकडं जाते का पलीकडं?"

काळूराम म्हणाला, "अरे बाबा, किती येळा तेच. झालं ते झालं. पोरीला क्लासला उशीर व्हतोय."

तो मला वाट करून देत होता. मी 'हो, निघते' म्हणू शकत होते. खाडीकडे पाहिलं. पाणी अजून उतरत होतं, पाटाच्या कडा उघड्या पडत होत्या, आणि खारबावला, कशेळीला, आणखी कुठे कुठे, या घडीला कुणीतरी नऊ पायांच्या चिंबोरीवर बोट ठेवून हिरवी पट्टी बघत असेल. बाराच्या पुढे सव्वा तास.

"अलीकडे जाते, बाबा," मी म्हणाले. "तुमचं गणित बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली, एकदाच. बोटं मिटली नाहीत. "मग?"

दीपेशदादा आता वळला होता. पहारीच्या टोकाला ओला गाळ होता, तो थेंबाथेंबानं खाली पडत होता. मी पिशवीतून फोन काढला, त्या दिवसाची नोंद उघडली आणि त्याच्यापुढे धरली. अकरा बावन्न, एक्केचाळीस सेकंद, मैना वहिनी.

"दादा, फळी काढू नकोस. काळूरामकाका, गावाला बोलवा, आत्ता, ओट्यावर. बाबांनी त्या दिवशी बरोबर बारा लिहिलं होतं, वहिनीनं मला फोन करून वाचून दाखवलं होतं. सव्वाएकपर्यंत थांब असं मी सांगितलं. वेळ माझी चुकली होती, आणि मी ते सगळ्यांसमोर सांगणार आहे."